काळजी की पाळत? मोबाइलच्या साहाय्याने होणारा घरगुती छळ : ओळख, सुरक्षितता आणि मदत

वाचण्यापूर्वी : ही पत्रिका घरी नेणे आपणांस धोक्याचे वाटत असेल, तर ती रुग्णालयात किंवा मितानिनताईंकडे बसूनच वाचावी व तेथेच ठेवून जावी. १८१ आणि ११२ हे दोन क्रमांक पाठ करावेत. ते मोबाइलमध्ये नोंदवून ठेवण्याची गरज नाही.

१. हा आरोग्याचा प्रश्न का आहे?

घरगुती हिंसाचार म्हटला की मारहाण डोळ्यांपुढे येते. परंतु छळाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात अंगावर वळ उठत नाहीत, हाड मोडत नाही, शेजाऱ्यांना आवाजही ऐकू जात नाही. हातातील मोबाइल, घरातील कॅमेरा, बँकेचे अॅप, मुलांचा टॅब ही रोजच्या सोयीची साधनेच एखाद्या व्यक्तीला जखडून ठेवण्यासाठी वापरली जातात. कोण कोणाशी बोलले, किती वेळ बोलले, घरातून किती वाजता निघाले, बाजारात किती वेळ थांबले, खात्यातून किती रुपये काढले, या प्रत्येक गोष्टीचा हिशेब मागितला जातो. हिशेब चुकला तर अपमान, धमकी किंवा मारहाण होते.

अशा नजरेखाली दिवसरात्र राहणाऱ्या व्यक्तीचे शरीर सतत सावध अवस्थेत राहते. झोप लागत नाही, लागली तरी मोडते. छातीत धडधड, डोकेदुखी, पोटदुखी, भूक मंदावणे, मोबाइलची घंटी वाजताच दचकणे, कशातही मन न लागणे अशा तक्रारी सुरू होतात. आधीपासून रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास तो आटोक्यात ठेवणे कठीण जाते. गरोदरपणात तर आईबरोबर बाळाच्याही प्रकृतीला धोका संभवतो. या तक्रारींसाठी गोळ्या घेतल्या जातात. मूळ कारण मात्र डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

ते पोहोचत नाही, कारण बोलले जात नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) असे आढळले की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. म्हणजे अनेक घरांत स्त्रीचा मोबाइल हा तिचा नसतोच. तो घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर आणि नजरेखाली असतो. मदतीचा दरवाजा म्हणून ज्या वस्तूकडे पाहावे, तिच्यावरच पहारा बसलेला असतो. या पत्रिकेतील सर्व सूचना ही गोष्ट ध्यानात ठेवून दिलेल्या आहेत.

२. या छळाची रूपे

पुढीलपैकी काही आपल्याबाबतीत घडते का, ते शांतपणे पाहावे.

• मोबाइलचा पासवर्ड सक्तीने मागणे. संदेश, फोटो व आलेले-गेलेले कॉल रोज तपासणे.
• आपल्या व्हॉट्सअॅपचे खाते दुसऱ्या मोबाइलला किंवा संगणकाला जोडून सर्व संदेश वाचत राहणे.
• आपण कोठे आहोत हे नकाशावर सतत पाहणे. स्कूटरवर, पर्समध्ये किंवा मुलाच्या दप्तरात ठिकाण सांगणारे लहान यंत्र लपवणे.
• बाहेर गेल्यावर दर थोड्या वेळाने व्हिडिओ कॉल करून “आजूबाजूला कोण आहे ते दाखव” म्हणणे.
• आपल्या बँक खात्याला स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडणे, जेणेकरून प्रत्येक ओटीपी व व्यवहाराचा संदेश त्यालाच मिळेल. पगाराचे कार्ड आणि यूपीआय आपल्या हाती न देणे.
• खासगी छायाचित्रे किंवा चित्रफिती नातेवाइकांना पाठवण्याची अथवा इंटरनेटवर टाकण्याची धमकी देणे. चेहरा जोडून खोटी चित्रे बनवणे.
• आपल्या नावाने खोटे खाते उघडून इतरांना संदेश पाठवणे.
• शिक्षा म्हणून मोबाइल काढून घेणे, फोडणे, रिचार्ज बंद करणे, माहेरचे क्रमांक अडवून ठेवणे.
• वेगळे राहू लागल्यानंतर मुलांच्या मोबाइलवरून आपली माहिती काढणे.

हे करणारा पतीच असेल असे नाही. सासरची माणसे, भाऊ, पूर्वीचा जोडीदार किंवा विवाह ठरलेला मुलगाही असू शकतो. परगावी किंवा परदेशी नोकरीस असलेली व्यक्तीही तेथून हे करू शकते. पुरुषांनाही असा छळ सोसावा लागू शकतो. घरगुती हिंसाचाराचा कायदा स्त्रियांसाठी असला, तरी सायबर गुन्ह्याची तक्रार कोणालाही करता येते.

३. काळजी आणि पाळत यांतील भेद

“तुझ्या काळजीपोटीच तर विचारतो” हे वाक्य अशा घरांत वारंवार ऐकू येते. काळजी खरी असूही शकते. भिलाईसारख्या गावात, जिथे पोलाद कारखान्यातील कामाच्या पाळ्या रात्रीबेरात्री बदलतात, तिथे “पोहोचलात का?” असा फोन प्रेमानेच केला जातो. म्हणून कृतीपेक्षा तिच्यामागील सक्ती पाहावी. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला : हे माझ्या संमतीने चालले आहे का? दुसरा : मी ते उद्यापासून बंद करू शकते का? तिसरा : मी “नको” म्हटले तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मनात येताच पोटात गोळा येत असेल, तर ती काळजी नव्हे, पाळत आहे. जिथे काळजी असते, तिथे नकार देता येतो. जिथे पाळत असते, तिथे नकाराची किंमत मोजावी लागते.

४. अभ्यासासाठी एक कल्पित उदाहरण

गोंदियाचे माहेर असलेली एक विवाहिता भिलाईच्या सेक्टरमधील क्वार्टरमध्ये राहते. लग्नानंतर पतीने तिला नवा मोबाइल दिला आणि सर्व खाती स्वतःच सुरू करून दिली. काही महिन्यांनी तिच्या ध्यानात आले की आईशी फोनवर झालेले बोलणे पतीला ठाऊक असते. ती मंदिरातून परत येताना कोणत्या दुकानात थांबली हेही ठाऊक असते. तिने मैत्रिणीला विचारले. मैत्रिणीने मोबाइल पाहिला, व्हॉट्सअॅपला जोडलेला दुसरा संगणक आढळला, आणि तिने तो तिथल्या तिथे काढून टाकला. त्या संध्याकाळी घरात पहिल्यांदा हात उगारला गेला.

मैत्रिणीचा हेतू चांगला होता. मग काय बिनसले? पाळत ठेवणाऱ्याची नजर अचानक बंद झाली, की “हिला कळले आहे, हिने कोणाला तरी सांगितले आहे” हे त्याला लगेच समजते. हातातून सत्ता निसटते आहे असे वाटण्याचा हा क्षण सर्वांत धोक्याचा असतो. त्या वेळी ती विवाहिता एकटी होती. तिच्याजवळ पैसे नव्हते, जाण्याचे ठिकाण ठरलेले नव्हते, आणि जोडलेल्या संगणकाची नोंदही कोठे ठेवलेली नव्हती.

या उदाहरणातून घ्यावयाचा धडा एवढाच : पाळत ओळखणे आणि पाळत तोडणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्या दोहोंच्या मध्ये सुरक्षिततेची तयारी आली पाहिजे.

५. पहिले पाऊल : आपल्या मोबाइलपासून दूर

• मदत शोधण्यासाठी दुसरा मोबाइल वापरावा. विश्वासू शेजारीण, सहकारी, रुग्णालयातील परिचारिका किंवा मितानिन यांच्या मोबाइलवरून बोलावे. खासगी विंडो उघडून शोध घेतला, तरी हेरगिरीचे अॅप असलेल्या मोबाइलवर तो लपत नाही.
• आपल्याच मोबाइलवरून १८१ वर बोलावे लागले, तर त्या कॉलची नोंद मोबाइलमध्ये राहते, हे ध्यानात असू द्यावे.
• रुग्णालयात जाताना मोबाइल घरी विसरल्यास संशय येत असेल, तर तो सोबत न्यावा. तपासणीच्या खोलीत मात्र बाहेर ठेवावा व डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याची विनंती करावी. रुग्णालय हे जाण्याचे साधे व पटणारे कारण असते.
• आधार कार्ड, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती, थोडी रोख रक्कम व एक जोडी कपडे विश्वासू माणसाकडे ठेवावेत.
• माहेरच्या किंवा जवळच्या व्यक्तीशी एक खुणेचा शब्द ठरवावा. साध्या बोलण्यात तो शब्द आला की तिने पोलिसांना कळवावे.
• नवे ई-मेल खाते, नवा पासवर्ड किंवा नवे सिमकार्ड घ्यावयाचे असल्यास त्याची सुरुवात नव्या अथवा दुसऱ्याच्या सुरक्षित मोबाइलवर करावी. पाळतीखालील मोबाइलवर बदललेला पासवर्ड पाळत ठेवणाऱ्यालाही दिसू शकतो.

जिवाला तात्काळ धोका असेल, तर वरील कशाचीही वाट न पाहता ११२ वर फोन करावा.

६. मोबाइलमध्ये काय पाहावे?

पुढील गोष्टी आधी केवळ पाहाव्यात आणि त्यांची नोंद करावी. त्या बंद केव्हा करायच्या, हे समुपदेशक किंवा पोलिसांशी बोलून ठरवावे.

• व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ ही यादी असते. एका खात्याला मुख्य मोबाइलखेरीज आणखी चार उपकरणे जोडता येतात. आपण न जोडलेले उपकरण तेथे दिसते का, ते पाहावे.
• गूगल किंवा अॅपल खात्यात ते खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे याची यादी मिळते. परतप्राप्तीसाठी नोंदवलेला क्रमांक आणि ई-मेल आपलाच आहे का, तेही तपासावे.
• गूगल मॅप्समध्ये आपले ठिकाण कोणाला दिसते याची माहिती असते.
• कॉलच्या सेटिंगमध्ये आपले कॉल दुसऱ्या क्रमांकाकडे वळवलेले आहेत का, ते दिसते.
• अॅपच्या यादीत अनोळखी नाव, किंवा सूचना वाचण्याची व पडदा पाहण्याची परवानगी दिलेले अनोळखी अॅप आहे का, ते पाहावे. अँड्रॉइडमधील ‘प्ले प्रोटेक्ट’ घातक अॅप शोधण्यास मदत करते. आयफोनमध्ये ‘सेफ्टी चेक’ ही सोय आहे.
• अनोळखी ब्लूटूथ यंत्र आपल्यासोबत फिरत असल्यास अलीकडचे अँड्रॉइड मोबाइल व आयफोन तशी सूचना देतात. ती सूचना दुर्लक्षू नये.

बॅटरी लवकर संपणे किंवा मोबाइल तापणे एवढ्यावरून हेरगिरी सिद्ध होत नाही. जुन्या मोबाइलमध्येही तसे होते. आपल्या खासगी गोष्टी दुसऱ्याला नेमक्या ठाऊक असणे, ही त्याहून भक्कम खूण आहे. मोबाइल पूर्णपणे पुसून नव्याने सुरू केल्यास हेरगिरीचे अॅप बहुधा निघून जाते. पण त्याबरोबर पुरावाही जातो. म्हणून हे काम सल्ल्याशिवाय करू नये.

७. पुरावा कसा जपावा?

धमकीचे संदेश खोडू नयेत. पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. मोबाइल पाळतीखाली असल्यास दुसऱ्या मोबाइलने त्या पडद्याचा फोटो काढावा. मूळ संदेश ज्या मोबाइलवर आला, तो शक्यतो जपून ठेवावा, कारण भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. घडलेल्या घटनांची तारीखवार नोंद ठेवावी. ती वही मात्र घरात नसावी. खासगी छायाचित्रे पुरावा म्हणून कोणालाही पुढे पाठवू नयेत. ती तपास अधिकाऱ्यालाच दाखवावीत. प्रत्येक वेळी डॉक्टरांना खरे कारण सांगितले, तर केसपेपरवरील नोंदही पुढे उपयोगी पडते.

८. कायदा काय म्हणतो?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ हा शारीरिक छळाबरोबरच मानसिक, लैंगिक व आर्थिक छळही हिंसाचार मानतो. कलम १८ नुसार दंडाधिकारी असा आदेश देऊ शकतात की त्रास देणाऱ्याने प्रत्यक्ष, लेखी, दूरध्वनीवरून किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने कोणताही संपर्क साधू नये. हा संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. स्त्री तात्पुरती जिथे राहते तेथील न्यायालयातही अर्ज करता येतो. म्हणजे छळ भिलाईत झाला, तरी गोंदिया किंवा नागपूरच्या माहेरी आलेली स्त्री तेथे अर्ज करू शकते. याच कायद्याच्या कलम ७ नुसार वैद्यकीय मदत देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ७८ मध्ये स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. कलम ७७ स्त्रीची खासगी छायाचित्रे तिच्या संमतीविना घेणे व पसरवणे यासाठी, तर कलम ८५ पती व त्याच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या क्रूरतेसाठी आहे. छायाचित्र काढण्यास संमती दिली होती, म्हणून ते पसरवण्याची मुभा मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ६६-ई, ६७ आणि ६७-ए खालीही शिक्षा होते.

भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तेथील एका प्रकरणाने या प्रश्नाला स्पष्ट उत्तर दिले आहे. घटस्फोटाचा दावा केलेल्या एका पतीने पत्नीच्या कॉलचा तपशील मिळावा अशी मागणी केली. कुटुंब न्यायालयाने ती नाकारली आणि २०२५ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने तो नकार कायम ठेवला. विवाह झाला म्हणून पत्नीचे खासगी संदेश, कॉल वा मोबाइलचा पासवर्ड यांवर पतीचा आपोआप हक्क निर्माण होत नाही. त्यासाठी सक्ती करणे हा खासगीपणाचा भंग आहे आणि तो घरगुती हिंसाचारही ठरू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच सांगितले होते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. पतिपत्नींमधील संभाषणाचे गुपचूप केलेले ध्वनिमुद्रण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून विचारात घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले आहे. प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती वेगळी असते. म्हणून वकिलाचा सल्ला घ्यावा. स्त्रियांना तो विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न घालता विनामूल्य मिळतो.

९. मदत कोठे मिळेल?

• ११२ : तात्काळ धोका असल्यास पोलीस.
• १८१ : महिला मदतवाहिनी.
• सखी केंद्र : वैद्यकीय मदत, समुपदेशन, पोलीस व कायद्याचे साहाय्य आणि तात्पुरता निवारा एकाच ठिकाणी मिळतो. देशातील पहिले सखी केंद्र जुलै २०१५ मध्ये रायपूर येथे सुरू झाले. दुर्ग जिल्ह्यातही असे केंद्र आहे. १८१ वर विचारल्यास मार्ग सांगितला जातो.
• १९३० : खात्यातून फसवणुकीने पैसे गेल्यास. अन्य सायबर गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद पोर्टलवर किंवा कोणत्याही पोलीस ठाण्यात करता येते. हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही.
• १५१०० : विनामूल्य कायदेशीर सल्ला.
• १४४१६ : टेलि-मानस. मन खचले असल्यास, जगणे नकोसे वाटत असल्यास रात्रंदिवस बोलता येते.

खासगी छायाचित्र इंटरनेटवर आलेच, तर त्या संकेतस्थळाकडे तक्रार करावी. अशी तक्रार मिळाल्यावर ठरवून दिलेल्या मुदतीच्या आत ते हटवणे नियमाने बंधनकारक आहे. छायाचित्र पसरण्याची भीती असल्यास ‘स्टॉप एनसीआयआय’ या विनामूल्य सेवेचा उपयोग प्रौढ व्यक्तींना करता येतो. तेथे छायाचित्र पाठवावे लागत नाही. त्याची केवळ सांकेतिक खूण तयार होते आणि त्या खुणेवरून सहभागी संकेतस्थळे ते चित्र अडवतात.

१०. जवळच्या माणसांनी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी काय करावे?

मुंबईतील वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झाले. छळ सोसणारी स्त्री पोलिसांकडे गेली नाही, तरी कधी ना कधी रुग्णालयात येते, या जाणिवेतून ते उभे राहिले. हेच भिलाईतील प्रत्येक दवाखान्याला आणि प्रत्येक मितानिनीला लागू आहे. वारंवार येणारी डोकेदुखी, निद्रानाश वा धडधड यांमागे काय आहे, ते रुग्णाला एकटीला गाठून, सोबतच्या नातेवाइकांना बाहेर बसवून विचारावे. “घरी कोणाची भीती वाटते का? आपला मोबाइल दुसरे कोणी तपासते का?” एवढे दोन प्रश्न पुष्कळ काही सांगून जातात. रुग्णाच्या मोबाइलवर माहिती पाठवू नये, पाठपुराव्याचा फोन तिने सांगितलेल्या क्रमांकावर व वेळेलाच करावा.

आईवडील, भाऊ-वहिनी, शेजारी यांनी “थोडे सहन कर”, “त्याला मोबाइल दाखवून टाक, संशय मिटेल” असे सांगू नये. मोबाइल दाखवल्याने संशय मिटत नाही. उद्याची तपासणी मात्र हक्काची होते. तिचे ऐकून घ्यावे, तिच्यावर विश्वास ठेवावा, आणि काय करायचे ते तिला ठरवू द्यावे. तिच्या संमतीविना पतीला जाब विचारायला जाऊ नये. त्याचा परिणाम तिलाच भोगावा लागतो.

११. उजळणी

बचत गटात, महिला मंडळात किंवा अंगणवाडीत ही पत्रिका वाचून पुढील प्रश्नांवर चर्चा करावी.

• काळजी आणि पाळत ओळखण्याचे तीन प्रश्न कोणते?
• उदाहरणातील मैत्रिणीने आधी काय करायला हवे होते?
• आपल्या वस्तीत, कोणीही विचारपूस न करता वापरू देईल असा सुरक्षित मोबाइल कोणाकडे आहे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आजच ठरवून ठेवावे. ज्या घराचे नाव या उत्तरात येईल, त्या घराचे दार एखाद्या स्त्रीसाठी मदतीचे पहिले दार ठरू शकते.